स्कोप, पात्रता आणि मेजर: ठाणे-कल्याण पट्ट्यात पदवी निवडताना

बारावीचा निकाल लागला की ठाणे, डोंबिवली, कल्याणच्या घराघरांत एकच प्रश्न फिरू लागतो: सध्या स्कोप कशाला आहे? प्रश्न रास्त आहे. नोकरीचा विचार बाजूला ठेवून आवडीचा विषय घ्या, हा उपदेश ज्यांच्या घरी दोन पिढ्यांची तजवीज झालेली असते त्यांनाच परवडतो. अडचण आहे ती काळाची. स्कोप विचारला जातो आजचा, पदवी हाती येते तीन-चार वर्षांनी, आणि तिच्या भरवशावर नोकरी करायची असते पुढची पस्तीस-चाळीस वर्षे.

या तफावतीचा पुरावा शोधायला पट्ट्याबाहेर जाण्याची गरज नाही. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत आगगाडी आली, पुढच्या वर्षी ती कल्याणला पोचली, आणि विसाव्या शतकात डोंबिवली-कल्याणचा मध्यमवर्ग त्याच रुळांवरून मुंबईच्या कचेऱ्यांत कारकुनीला जात राहिला. आधी मॅट्रिक, मग बीए किंवा बीकॉम, जोडीला टायपिंग आणि शॉर्टहँड. १९६२मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि त्याची पहिली वसाहत ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये उभी राहिली. डोंबिवली आणि अंबरनाथच्या वसाहती पाठोपाठ आल्या. पोखरण रोडला रेमंड, मोहन्याला एनआरसी, शहाडला सेंच्युरी रेयॉन, कल्याण-शीळ रस्त्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्स. मेकॅनिकलचा डिप्लोमा किंवा केमिस्ट्रीची बीएस्सी असलेल्या मुलाला सायकलच्या अंतरावर नोकरी मिळण्याचा तो काळ होता. मग एकेक भोंगा थांबत गेला. एनआरसीला २००९मध्ये टाळे लागले. रेमंड आणि प्रीमियरच्या जमिनींवर टॉवर आले. वागळे इस्टेटच्या अनेक शेडच्या जागी काचेच्या इमारती झाल्या आणि त्यांत सॉफ्टवेअर कंपन्या, कॉल सेंटरे आणि बँकांची बॅक ऑफिसे आली. १९७५ साली विशीत डिप्लोमा घेऊन कारखान्यात लागलेल्या माणसाला निवृत्त होण्याआधीच आपला कारखाना बंद झालेला पाहावा लागला. १९७५ साली त्याने निवडलेला विषय मात्र, त्या वेळच्या कोणत्याही हिशेबाने, अगदी बरोबर होता.

अलीकडचे उदाहरण तर चार वर्षांतच घडले आहे. ठाण्यात मोठी केंद्रे असलेल्या टीसीएसने २०२१-२२ या आर्थिक वर्षात सुमारे एक लाख नवे पदवीधर घेतले. त्या वर्षी इंजिनिअरिंगच्या कॉम्प्युटर शाखेसाठी कॅप राउंडमध्ये, म्हणजे केंद्रीय प्रवेशफेरीत, झुंबड उडाली नसती तरच नवल. २०२१च्या प्रवेशफेरीतली ती मुले २०२५च्या उन्हाळ्यात बाहेर पडली. दरम्यान २०२३-२४मध्ये कंपनीचे मनुष्यबळ तेरा हजारांहून अधिक घटले होते. शेअर बाजारात नोंदणी झाल्यापासूनची ती पहिली वार्षिक घट. जुलै २०२५मध्ये आणखी दोन टक्के, म्हणजे बारा हजारांच्या आसपास, कर्मचारी कमी करण्याची घोषणा झाली.

अमेरिकी अर्थतज्ज्ञ रिचर्ड फ्रीमन यांनी १९७६मध्ये तिथल्या इंजिनिअरांच्या बाबतीत हेच चक्र मांडून दाखवले होते. पगार चढले की प्रवेश वाढतात. चार वर्षांनी पदवीधरांचा लोंढा एकदम बाजारात येतो आणि पगार उतरतात. ते पाहून पुढची मुले पाठ फिरवतात, आणि आणखी चार वर्षांनी त्याच विषयाची माणसे मिळेनाशी होतात. शेतीमालाच्या भावाचा अभ्यास करणारे या चक्राला कोळ्याच्या जाळ्याचे नाव देतात. एका वर्षी कांद्याला भाव आला म्हणून पुढच्या वर्षी सगळ्यांनी कांदा लावला तर काय होते, हे नाशिककडच्या शेतकऱ्याला अर्थशास्त्र न शिकताही माहीत असते. पदवीच्या बाजारात हे जाळे अधिक चिवट ठरते, कारण पीक चार महिन्यांत निघते आणि पदवी चार वर्षांत. शिवाय शिक्षणसंस्थाही वारा येईल तशी पाठ फिरवतात. गेल्या दशकात राज्यात मेकॅनिकल आणि सिव्हिलच्या जागा मोठ्या प्रमाणावर रिकाम्या राहिल्या, आणि या दशकात एआय, मशीन लर्निंग, डेटा सायन्स अशी नावे लावलेल्या शाखा एकामागून एक सुरू झाल्या. तंत्रशिक्षण परिषदेने, म्हणजे एआयसीटीईने, २०२४-२५पासून चांगली कामगिरी असलेल्या संस्थांसाठी शाखानिहाय प्रवेशक्षमतेची कमाल मर्यादाही उठवली. वरातीमागून घोडे असाच हा प्रकार आहे, फक्त घोड्यांची संख्या वाढली आहे.

म्हणून विषय कोणताही घ्या, सगळे सारखेच, असा निष्कर्ष काढणे मात्र चूक ठरेल. नॉर्वेत पदवीचे प्रवेश इथल्या कॅपसारखेच केंद्रीय पद्धतीने, गुणांच्या क्रमाने होतात. तिथल्या प्रवेशांवर किर्केबोएन, ल्यूवेन आणि मोगस्टाड यांनी २०१६मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसले, की पुढच्या मिळकतीवर विषयाचा परिणाम मोठा असतो आणि संस्थेचा त्या मानाने बराच कमी. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट पालकांच्या दृष्टीने अधिक मोलाची आहे: विद्यार्थी ज्या विषयात तुलनेने अधिक सरस असतो त्यात त्याला फायदाही अधिक होतो. शेजारच्या मुलाला कॉम्प्युटरने जे दिले ते आपल्या मुलाला मिळेलच असे नाही. अमेरिकेतल्या डेमिंग आणि नोरे यांच्या २०२०च्या अभ्यासाने आणखी एक पदर उलगडला. तंत्रज्ञानाशी थेट जोडलेल्या विषयांच्या पदवीधरांना सुरुवातीला मोठा पगार मिळतो, पण वर्षे जातात तशी ही आघाडी घटत जाते, कारण त्या क्षेत्रातली कौशल्ये सर्वांत वेगाने जुनी होतात. पहिला पगार हा पदवीच्या मोलाचा अपुरा मापदंड आहे, आणि जाहिरातींत मात्र तोच सर्वांत ठळक छापला जातो.

मग पदवीकडे पाहायचे कसे? स्कोपपेक्षा जास्त काळ टिकणारी एक गोष्ट पदवीत असते, ती म्हणजे पात्रता. कोणत्या परीक्षेला बसता येईल, कोणत्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश मिळेल, कोणत्या कागदावर कायद्याने सही करता येईल, हे पदवीतल्या विषयांवरून ठरते, आणि हे नियम बाजारासारखे दर वर्षी बदलत नाहीत. गंमत अशी की ही दारे बारावीनंतर नव्हे, अकरावीच्या प्रवेशाच्या वेळीच बंद होऊ लागतात. कॉमर्सच्या अकरावीत मॅथ्स की एसपी (सेक्रेटेरियल प्रॅक्टिस), असा एक चौकोन भरायचा असतो. मॅथ्स कठीण, एसपीत टक्के निघतात, म्हणून पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी एसपीवर खूण करते आणि घरात त्यावर पाच मिनिटेही चर्चा होत नाही. त्या खुणेने काय जाते ते दोन वर्षांनी कळते. मुंबई विद्यापीठाच्या बीएस्सी आयटीला बारावीचे गणित लागत आले आहे. दिल्ली विद्यापीठात इकॉनॉमिक्स ऑनर्सचा विचारही गणिताशिवाय करता येत नाही. कॉम्प्युटरची पदवी नसलेल्याला एमसीएकडे वळायचे असेल तर बारावीला किंवा पदवीला गणित असणे सोयीचे ठरते. एसपी घेणे वाईट नाही, पण पाच टक्के जास्त मिळावेत म्हणून घेणे हा फारच महागात पडणारा सौदा आहे.

सायन्सच्या मुलांबाबत असाच मुद्दा केमिस्ट्रीत येतो. मुंबई विद्यापीठाच्या जुन्या रचनेत टीवायबीएस्सीला, म्हणजे पदवीच्या तिसऱ्या वर्षी, एखादा विषय सिक्स युनिट घ्यायचा की दोन विषय तीन-तीन युनिट, असा प्रश्न असे. वरवर पाहता तो केवळ अभ्यासाच्या ओझ्याचा वाटे. पण औषधनिर्मितीच्या परवान्यासाठीच्या नियमांत, १९४५च्या औषध नियमांतल्या नियम ७१मध्ये, उत्पादनावर देखरेख ठेवणाऱ्या तांत्रिक व्यक्तीची पात्रता लिहून ठेवली आहे: फार्मसीचा पदवीधर आणि अठरा महिन्यांचा अनुभव, किंवा केमिस्ट्री हा प्रमुख विषय असलेला विज्ञान पदवीधर आणि औषध उत्पादनातला तीन वर्षांचा अनुभव. अंबरनाथपासून वागळे इस्टेटपर्यंतच्या औषध कंपन्यांत ‘अ‍ॅप्रूव्ह्ड केमिस्ट’ म्हणून राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाची (एफडीएची) मान्यता असलेल्या माणसाचे वजन वेगळे असते, कारण त्याच्याशिवाय परवाना चालत नाही. बाजार चढो वा पडो, नियमात लिहिलेली माणसे कंपनीला ठेवावीच लागतात. केमिस्ट्री मायनरला (दुय्यम विषय म्हणून) ठेवून मेजर (मुख्य विषय) दुसरे काही घेणाऱ्या आजच्या विद्यार्थ्याने हा ‘प्रमुख विषय’ नजरेआड करू नये.

याच्या उलट बाजूला सायकॉलॉजी आहे. ठाण्यात या विषयाचे आकर्षण मोठे आहे आणि त्याला स्थानिक कारणही आहे. डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या पुढाकाराने १९९०मध्ये इथे इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ (आयपीएच) सुरू झाली आणि मानसिक आरोग्य हा विषय ठाण्याच्या घरांत मोकळेपणाने बोलला जाऊ लागला. पण बीए सायकॉलॉजी होऊन कोणी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वसन परिषदेची नोंदणी लागते आणि ती पदवीनंतरच्या मान्यताप्राप्त क्लिनिकल अभ्यासक्रमातूनच मिळते. तिथल्या जागा थोड्या आहेत. इथे पदवी म्हणजे अर्धा रस्ता. पुढच्या अर्ध्या रस्त्याची वर्षे आणि पैसे घरात आहेत का, हे आधी पाहिले नाही तर तीन वर्षांनंतर मुले एचआरच्या नोकरीकडे वळतात. एचआर वाईट नाही, पण तिथे बीकॉमनंतरही जाता आले असते. बँकेची आयबीपीएस, एमपीएससीची राज्यसेवा किंवा यूपीएससी यांना मात्र कोणतीही पदवी चालते. त्यासाठी अमुक विषय घ्यावा, हा सल्ला गांभीर्याने घेऊ नये. जो विषय नेटाने, समजून शिकता येईल तो घ्यावा, कारण या परीक्षांत निवड न झालेल्यांची संख्या निवड झालेल्यांपेक्षा नेहमीच कितीतरी मोठी असते आणि तेव्हा हातात उरते ती पदवीच.

हीच कसोटी सीएच्या वाटेला लावली पाहिजे, कारण डोंबिवली आणि ठाणे ही सीए करणाऱ्यांची गावे आहेत. दिनक्रम ठरलेला: सकाळी सातचे कॉलेज, दहानंतर फर्ममध्ये आर्टिकलशिप, संध्याकाळी क्लास, मार्च-एप्रिलमध्ये फर्मच्या बँक ऑडिटसाठी रात्री अकराची लोकल. २०२३च्या नव्या योजनेत आर्टिकलशिप तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आली. ५५ टक्के मिळवलेल्या कॉमर्स पदवीधराला फाउंडेशनशिवाय थेट इंटरमीजिएटला प्रवेश मिळतो, इतर शाखांच्या पदवीधरांना त्यासाठी ६० टक्के लागतात. सीए हे उत्तम शिक्षण आहे याबद्दल वाद नाही. वाद आहे तो त्याच्या बाजूला बीकॉमकडे ज्या बेफिकिरीने पाहिले जाते त्याबद्दल. ‘सीए चालू आहे, बीकॉम काय, होऊन जाईल,’ या वाक्यावर हजारो मुलांची तीन वर्षे जातात. बहुतेक परीक्षांत सीएच्या नापासांची संख्या पासांपेक्षा मोठी असते. दोन ग्रुपांत अडकलेला चोवीस-पंचवीस वर्षांचा मुलगा नोकरी शोधायला निघतो तेव्हा त्याच्या बीकॉममध्ये सांगण्याजोगे काही नसते: ना संख्याशास्त्र, ना अर्थशास्त्र, ना धड एक्सेल. ज्याचा मुख्य बेत अवघड परीक्षेचा आहे, त्यानेच पदवी अधिक विचारपूर्वक निवडायला हवी. अनुदानित बीकॉमची फी थोडी असते आणि विनाअनुदानित बीएएफची (बीकॉम अकाउंटिंग अँड फायनान्स) कित्येक पट. बीएएफचा अभ्यास सीएच्या पहिल्या टप्प्यांशी बराच जुळतो म्हणून पालक तो पैसा भरतात, पण सीए बारगळले तर तोच अभ्यास दोनदा विकत घेतल्यासारखे होते. साधी बीकॉम आणि तिच्या जोडीला इकॉनॉमिक्स किंवा डेटाशी संबंधित मायनर, हा सौदा कमी चकचकीत असला तरी जास्त शहाणपणाचा आहे.

मायनरचा हा पर्याय नव्या शैक्षणिक धोरणाने दिला. राज्यातल्या स्वायत्त महाविद्यालयांत ते २०२३-२४पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५पासून लागू झाले. आता पदवी एकसंध नसते. मेजर हा कणा, त्याच्या जोडीला मायनर, शाखेबाहेरचे ओपन इलेक्टिव्ह, व्होकेशनल आणि स्किल कोर्स, भाषा, आणि ऑन जॉब ट्रेनिंग. तीन वर्षांची पदवी किमान १२० क्रेडिटांची, चार वर्षांची ऑनर्स १६० क्रेडिटांची. या रचनेतून बाजाराच्या प्रश्नाला एक बरे उत्तर काढता येते. मेजरला असा विषय घ्यावा जो वीस वर्षांनीही तोच असेल आणि ज्याच्यावर पात्रता उभी राहते: गणित, संख्याशास्त्र, भौतिकशास्त्र, केमिस्ट्री, अकाउंट्स, अर्थशास्त्र, एखादी भाषा. बाजाराचा पाठलाग मायनर आणि स्किल कोर्समध्ये करावा. डिजिटल मार्केटिंग, डेटा अ‍ॅनालिटिक्स, अमुक सॉफ्टवेअर, तमुक प्लॅटफॉर्म या गोष्टी पाच वर्षांत शिळ्या झाल्या तरी नुकसान चार-सहा क्रेडिटांचे होते, पदवीचे नाही. संख्याशास्त्राच्या पदवीधराला सहा महिन्यांत मशीन लर्निंगची साधने शिकता येतात. केवळ साधने शिकलेल्याला सहा महिन्यांत संख्याशास्त्र येत नाही.

हे कागदावर जितके सोपे दिसते तितके वर्गात नसते, हेही नोंदवले पाहिजे. छोट्या महाविद्यालयात मायनर म्हणून तेच मिळते ज्याचे शिक्षक आणि तास रिकामे असतात. बांदोडकर, जोशी-बेडेकर, बिर्ला यांसारख्या मोठ्या संस्थांत आणि चार खोल्यांच्या विनाअनुदानित कॉलेजात निवडीचे स्वातंत्र्य सारखे नाही. म्हणून प्रवेशाआधी मेजरपेक्षाही मायनरची यादी मागावी, आणि तो विषय गेल्या वर्षी प्रत्यक्ष चालला का, हे तिथल्या एसवाय-टीवायच्या मुलांना गेटवर विचारावे. प्रॉस्पेक्टस आणि वेळापत्रक यांच्यात बरेच अंतर असते.

नावांच्या बाबतीतही सावध राहणे बरे. एआयसीटीईने बीबीए, बीएमएस, बीसीए हे अभ्यासक्रम आपल्या कक्षेत घेतल्यावर २०२४मध्ये राज्यात त्यांना सीईटी सक्तीची झाली. अनेक महाविद्यालयांनी मग बीएमएसचे नाव बदलून बीकॉम मॅनेजमेंट स्टडीज केले, म्हणजे सीईटी टळली. वर्ग आणि शिक्षक तेच राहिले. ज्या पदवीचे नाव असे एका हंगामात बदलू शकते, तिच्या नावासाठी दुप्पट फी भरण्याआधी सहाव्या सेमिस्टरचा अभ्यासक्रम वाचलेला बरा. प्लेसमेंटच्या फलकालाही हेच लागू पडते. सर्वांत मोठे पॅकेज एका मुलाला मिळालेले असते. किती मुले पास झाली, त्यांतली किती लागली आणि मधला, म्हणजे मीडियन, पगार किती, हे आकडे एनआयआरएफ या राष्ट्रीय क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्थांना आपल्या संकेतस्थळावर ठेवावे लागतात. तिथे ते शांतपणे पडलेले असतात.

अंतराचा हिशेब या पट्ट्यात विषयाइतकाच महत्त्वाचा ठरतो. कल्याण ते सीएसएमटी सुमारे ५४ किलोमीटर, ठाणे ३४. डोंबिवलीच्या मुलाने माटुंग्याला रुईया, पोदार किंवा व्हीजेटीआयला जायचे की गावातल्या पेंढरकर, प्रगती, मॉडेलमध्ये राहायचे? व्हीजेटीआयसारख्या संस्थेसाठी उत्तर सरळ आहे. तिथे न जाण्याचे कारण शोधावे लागेल. साध्या बीकॉमसाठी मात्र रोजचे अडीच-तीन तास लोकलच्या दारात उभे राहून घालवण्यात काय मिळते, हे विचारायला हवे. काही मिळते, हे खरे: वेगळ्या घरांतली मुले, चांगले वादविवाद, नाटक, ओळखी. पण तेच तास आर्टिकलशिपला, अर्धवेळ नोकरीला किंवा झोपेला दिले तर त्यांचेही मोल असते. ज्या घरात मुलीला संध्याकाळी सातनंतरची कल्याण लोकल नको असे ठरलेले असते, तिथे कॉलेज आधी ठरते आणि विषय त्यातून निवडला जातो. हे न्याय्य नाही, पण ते नाकारून दिलेला सल्ला त्या मुलीच्या उपयोगाचा नाही. तिच्यासाठी एक बदल मोठा आहे: जुलै २०२४च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी कुटुंबांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत मिळाली. जी मुलगी फीमुळे इंजिनिअरिंग सोडून बीएस्सी घेणार होती, तिने हिशेब पुन्हा मांडायला हवा.

कल ओळखण्याच्या बाबतीत ठाण्याची परंपरा जुनी आहे. आयपीएचचे ‘वेध’ हे व्यवसायदर्शन संमेलन १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपासून भरते आणि पुढे ते महाराष्ट्रातल्या इतर गावांतही गेले. इंजिनिअर-डॉक्टर यांपलीकडे माणसे काय काय करून जगतात हे या मंचाने एका पिढीला दाखवले. अ‍ॅप्टिट्यूड टेस्टचा उपयोगही आहे, पण तिच्याकडून विषयाचे नाव मागू नये. ती सांगते ते एवढेच, की आकडे, भाषा, आकृती, हातचे काम यांत कोणती बाजू तुलनेने बळकट आहे. नॉर्वेच्या अभ्यासातला तुलनेचा मुद्दा इथे कामी येतो: सगळीकडे साठ टक्के आणि अकाउंट्समध्ये पंचाऐंशी, हे चित्र सगळीकडे ऐंशी या चित्रापेक्षा निवडीला जास्त सोपे असते.

एवढे करूनही निवड चुकू शकते, म्हणून परतीची वाट कोणत्या बाजूने रुंद आहे ते आधी पाहून ठेवावे. विज्ञान किंवा गणिताच्या पदवीवरून एमबीए, एलएलबी, पत्रकारिता, सीए इंटर, बँक, स्पर्धा परीक्षा, सगळीकडे वळता येते. उलट दिशेने, बीए किंवा एसपीवाल्या बीकॉमवरून एमएस्सीकडे, वाट जवळजवळ बंद असते. दोन विषय मनात सारखेच तोलले जात असतील तर ज्याच्यावरून दुसरीकडे जाता येते तो घ्यावा. मात्र ज्याला गणित झेपत नाही त्याला वाट रुंद आहे म्हणून गणितात ढकलले, तर तो टीवायच्या केट्यांमध्येच, म्हणजे राहिलेल्या विषयांतच, अडकतो. नव्या रचनेत पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका घेऊन बाहेर पडता येते, क्रेडिट अ‍ॅकॅडेमिक बँकेत जमा राहतात आणि तीन वर्षांच्या आत परत येऊन सात वर्षांच्या मुदतीत पदवी पुरी करता येते. घरातला कमावता माणूस आजारी पडला, नोकरी धरावी लागली, अशा वेळी ही सोय मोलाची आहे. बेत म्हणून ती धरू नये, कारण आयबीपीएसची जाहिरात असो की वागळे इस्टेटमधल्या बॅक ऑफिसची, पात्रतेच्या रकान्यात अजूनही ‘पदवीधर’ असेच छापलेले असते.